कोरडा तवा

आमच्या घरात दोन तवे होते. एक चुलीजवळचा, भाकरीचा, मायच्या ताब्यातला. दुसरा मागच्या अंगणात टिनाच्या छपराखाली खिळ्याला टांगलेला, बाबांचा. तो मटणाचा तवा. त्याला उंबरठ्याच्या आत यायची परवानगी नव्हती आणि माय त्याला हात लावत नव्हती. मायचं माहेर माळकरी, बाबांचं घर खाणारं. लग्नानंतर यावरून काय झालं असेल ते असो, मला कळायला लागलं तेव्हा भांडण मिटलेलं होतं आणि मधे एक भिंत होती. आत तिचा तवा, बाहेर त्यांचा.

जवळच्या धाड गावच्या बाजाराच्या दिवशी बाबा मटण आणायचे. रस्सा त्यांना आवडायचा नाही. "रस्सा पाहुण्यायसाठी असते," म्हणायचे, "पाणी वाढवलं का पाहुणे वाढले तरी चालते." त्यांना हवं असायचं ते कोरड्या तव्यावरचं. तीन दगड मांडायचे, पऱ्हाटीच्या, म्हणजे वाळल्या कपाशीच्या, काड्या पेटवायच्या, तवा ठेवायचा आणि निवांत बाजेवर बसायचं. तेलाचा थेंब नाही. मधूनच उठून ओल्या बोटाने तव्यावर पाणी शिंपडायचे. पाणी चर्र करून जागीच विरलं, की पुन्हा बसायचे. थेंबाची गोळी होऊन ती तव्यावर सैरावैरा पळायला लागली, की मगच मटण. अंगठ्याएवढ्या जाडीचे काप, फडक्याने कोरडे केलेले. कलेजी असली तर फारच खुशी.

काप टाकला की तो तव्याला घट्ट धरून बसायचा. मी लहान होते, घाई माझ्या अंगातच होती, अजूनही आहे. मी सराटा घेऊन तो उलटायला धावायचे. बाबा माझं मनगट धरायचे.

"हात नको लावू. आता त्यानं तवा धरला हाये. भाजून झालं का आपोआप सुटते. वढलं तं अर्धं तव्यावर अन् अर्धं सराट्यावर, कोन्याच कामाचं नाही."

आणि खरंच, थोड्या वेळाने तो काप स्वतःहून सुटायचा. खालून तांबूस, खरपूस, एक तूसही मागे न ठेवता. मग दुसरी बाजू. मग मीठ. मीठ आतून यायचं. माय मागच्या दारात यायची, मुठीत मीठ धरून, नाकाला पदर लावून, आणि हात लागणार नाही असं वरून बाबांच्या ओंजळीत सोडायची.

"अजून थोडं पडू दे ना वं, मारुतीचे भक्तीण," बाबा म्हणायचे.

"खा, खा. वरतं हिशोब द्या लागते," असं म्हणून ती आत जायची आणि धूर येतो म्हणून खिडकी धाडकन लावून घ्यायची. पण मीठ द्यायला दर वेळी यायची. एवढाच काय तो त्यांचा लाडीगोडीचा प्रकार मी पाहिला.

आता मायचं सांगते. तिच्याशिवाय हे पुढे जाणार नाही.

माय गावच्या मारुतीची. घरावर काही संकट आलं की ती नारळ, तेल, शेंदूर असलं स्वस्तातलं नवसाला बोलायची नाही. ती स्वतःच्या तोंडातलं काहीतरी सोडायची. तिचा सरळ व्यवहार होता, की आवडतं ते दिलं तर देव ऐकतो, नावडतं देऊन देवाला फसवता येत नाही. बाबांना सोयाबीनच्या निंदणात साप चावला तेव्हा तिने चहा सोडला. चहा म्हणजे तिचा जीव होता. सकाळी बशीत ओतून, फुंकून, डोळे मिटून प्यायची. बाबा वाचले आणि तिने त्यानंतर चहाला तोंड लावलं नाही. दुसऱ्याच्या घरी गेली तरी कप पुढून सरकवायची. माझ्या भावाला पुण्यात नोकरी लागावी म्हणून भात सोडला. माझं पहिलं बाळंतपण अडलं तेव्हा गोड सोडलं, दिवाळीच्या करंजीसकट. वांगं कशासाठी सोडलं ते मला आठवत नाही, तिलाही आठवत नसावं, पण खात नव्हती. आम्ही बहीणभाऊ हसायचो. म्हणायचो, मायजवळ जेवायला बसलं की ताटापेक्षा नवसच जास्त दिसतात.

मी पुढे नांदुऱ्याला शाळेत बाई म्हणून लागले, तिथेच संसार थाटला. गॅसवर, मऊ लेपाच्या, नॉनस्टिक तव्यावर मी एकदोनदा बाबांसारखं करून पाहिलं. तो तवा तसा तापतच नाही आणि मटण त्याला धरतही नाही. ज्याने धरलंच नाही ते सुटणार तरी कसं! मी नाद सोडून दिला. गावी गेले की बाबांच्या हातचं खायचं, असं ठरून गेलं.

मागच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला बाबांना ताप आला आणि तो छातीत उतरला. संभाजीनगरच्या दवाखान्यात नेलं. त्यांच्या घशात नळी घातली, हात पलंगाला बांधले. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, आमच्या हातात आहे तेवढं करतोय. ते ऐकून माय उठली, जिन्याजवळ गेली आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ हात जोडून उभी राहिली. मला वाटलं, रडत असेल. परत आली तेव्हा डोळे कोरडे होते. चेहऱ्यावर, खरं सांगायचं तर, काम उरकून आलेल्या बाईचं समाधान होतं.

बाबा वाचले. नळी निघाली. घरी आणलं त्या दिवशी माय त्यांच्या बाजेजवळ बसली आणि आनंदाने सांगू लागली, "म्या मारुतीले बोलली होती. हे उठले तं यायचं मटण-मच्छी कायमचं बंद. पाहा, उठवलं का नाही त्यानं!"

मी बाबांकडे पाहिलं. नळीने त्यांचा आवाज पातळ झाला होता. ते एवढंच म्हणाले, "बरं."

आणि त्यानंतर बाबांचं खाणं सुटल्यातच जमा झालं. नवसामुळे नव्हे. त्यांना भूकच लागेना. भाकर मोडायचे, कुस्करायचे, दोन घास घ्यायचे आणि ताट सरकवायचे. वरणात चव नाही म्हणायचे, दुधाला वास येतो म्हणायचे. माय बिचारी दिवसभर चुलीपाशी. खसखशीची पेज, ज्वारीच्या कण्या, तुपात भाजलेला रवा, पुन्हा खसखस. बाबा चमचाभर घ्यायचे, तिच्याकडे बघून मान हलवायचे आणि तोंड पुसून घ्यायचे. गावी गेले की दर वेळी ते आणखी थोडे कमी झालेले दिसायचे. गळ्याची कातडी सैल पडली. बाजेवर ते आहेत की नुसतं पांघरूण आहे, हे जवळ गेल्याशिवाय कळायचं नाही.

बुलढाण्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. त्यांनी दंड धरून पाहिला आणि म्हणाले, "अंगात काही राहिलं नाही यांच्या. अंडी द्या, मटणाचं पाणी द्या, कलेजी द्या, जे जाईल ते द्या. नाहीतर हे उठायचे नाहीत." माय फरशीकडे बघत राहिली. परत येताना जीपमध्ये तिने एकच वाक्य म्हटलं, "डॉक्टरले काय मालूम."

घरी आल्यावर माझा तोल गेला. बाबांना झोप लागली होती, मी तिला चुलीपाशी गाठलं.

"माय, नवस तुझा. सोडायचं तर तुझं सोड. हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवायला तुला कोणी सांगितलं होतं?"

तिने हातातली फुंकणी खाली ठेवली. रागावली नाही. रागावली असती तर बरं झालं असतं.

"माह्याजवळ सोडाले उरलं काय होतं, बाई?" ती म्हणाली. "चहा देल्ला, भात देल्ला, गोड देल्लं. एक भाकर उरली. ते बी सोडली असती. पन भाकर सोडून मी जगली नसती, अन् मंग यायले कोनं पाह्यलं असतं?"

शाळेत पोरांना धाकात ठेवणारी बाई मी, चुलीतलं लाकूड उगाच पुढे सरकवत बसले.

"मोडू त्याचा नवस आता? अन् त्यानं यायले उचलून नेलं तं? तू देशीन काय जवाब मारुतीले?"

एकीकडे मारुती नेणार, दुसरीकडे उपास नेणार. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. पण मला मारुतीचं भय नव्हतं, म्हणून मला वाटलं की वाट सोपी आहे. पुढच्या खेपेला मी येताना धाडहून कलेजी घेतली. माय विहिरीवर गेली होती. मी मागे तीन दगड मांडले, खिळ्यावरून तवा काढला. इतक्या महिन्यांत त्यावर गंज आला होता, तो मिठाने आणि चिंधीने घासून काढला, जसे बाबा काढायचे. पऱ्हाट्या पेटवल्या. बाबांची बाज मागच्या पडवीतच होती. त्यांनी मान वळवली. मला वाटलं, आता ते हसतील.

"कोनासाठी करून राह्यली?"

"तुमच्यासाठी, बाबा."

"उतरव तो तवा."

"डॉक्टरांनी सांगितलंय. आणि नवस मायचा आहे, तुमचा नाही."

त्यांना बोलताना धाप लागत होती. थांबून थांबून म्हणाले, "तिनं जलमभर सारं सोताचं देऊन पाह्यलं. माह्यासाठी, तुमच्यासाठी. एक डाव माह्यं मागतलं. तेवढंबी नाही देऊ काय?"

तवा तापला होता. मी ओल्या बोटाने पाणी शिंपडलं नव्हतं, तरी मला कळलं. मी तो उतरवला. कलेजी कागदासकट गल्लीतल्या कुत्र्याला टाकली आणि माय यायच्या आत दगड पुन्हा जागेवर लावून ठेवले. परतीच्या एसटीत राजूर घाट उतरेपर्यंत मी रडले. राग दोघांचाही आला होता. एकाहून एक हट्टी. ती देवाला घाबरून उपाशी ठेवते आणि हा तिच्या शब्दासाठी उपाशी राहतो, आणि मधल्या मधे आम्ही बघायचं.

हिवाळ्यात बाबांची बाज आत नेली. आता त्यांना अंघोळ माय घालायची, ओल्या फडक्याने, बसल्या बसल्या. एका शुक्रवारी तिचा फोन आला. तिला फोनवर बोलायला आवडत नाही, ती आधी ओरडते आणि मग ठेवून देते. त्या दिवशी हळू बोलली.

"रविवारी येजो. शनिवारी नको, शनिवार त्याचा हाये. येताना धाडवरून कलेजी आनजो."

"माय?"

"त्यायचा दंड माह्या मुठीत मावते, बाई. आनजो म्हटलं ना."

गेले तेव्हा ती अंघोळ करून, नवं लुगडं नेसून मागच्या अंगणात बसली होती. दगड मांडलेले, काड्या रचलेल्या. पहाटे देवळात जाऊन आली होती. मी विचारलं, मारुतीला काय सांगितलंस? म्हणाली, "काई नाही. नारळ फोडला अन् आली. काय तोंड घेऊन बोलू?"

मी पदर खोचला तर तिने मला बाजूला सारलं.

"मी करतो. पाप लागन तं मले लागू दे. तू फक्त सांग."

बाबांना आम्ही दोघींनी धरून पडवीत आणलं, बाज पुन्हा तिथे टाकून तिच्यावर टेकवून बसवलं. त्यांनी चुलीकडे पाहिलं, मायकडे पाहिलं. त्या वेळी मनाई करायचंसुद्धा त्यांच्यात त्राण नव्हतं, की तिनेच केलं म्हणून ते गप्प राहिले, हे मला आजही ठरवता येत नाही.

तवा तापला. पाण्याचा थेंब पळाला. मायने आयुष्यात पहिल्यांदा कलेजीला हात लावला. दोन बोटांच्या चिमटीत धरून, तोंड फिरवून तिने काप तव्यावर टाकला आणि हात झटकला. चर्र आवाज झाला, धूर उठला, काप तव्याला चिकटला. तिने लगेच सराटा घातला.

"थांब, माय. आत्ता नाही."

"अवं करपून राह्यलं ना!"

"नाही करपत. सुटू दे."

पण भाकर करणारा हात तो. भाकरीला थांबलं की भाकर जळते. तिने सराटा रेटला, काप फाटला, निम्मा तव्यावर तसाच राहिला. ती खरवडायला लागली. खरवडताना तोंडाने "अरे देवा, अरे देवा" चाललं होतं. बाजेवरून बाबांचा आवाज आला, पातळ, जेमतेम ऐकू येईल असा.

"थांब... सुटते ते."

मी तवा पुसून दिला. दुसरा काप तिने टाकला तेव्हा मी तिचं मनगट धरलं. ते मनगट ओढ घेत होतं. मी सोडलं नाही. धूर आमच्या दोघींच्या तोंडावर येत होता. मग कापाच्या कडा तांबूस झाल्या, तो किंचित आक्रसला आणि मोकळा झाला. मी म्हटलं, आता घाल. सराटा अलगद खाली गेला. माय त्या कापाकडे बघतच राहिली. इतकी वर्षं ती खिडकी लावून घेत होती, हे तिने कधी पाहिलेलंच नव्हतं.

"पाहा," ती म्हणाली, "सुटलं की खरंच!" आणि क्षणभर ती लहान मुलीसारखी हसली. मलाही वाटून गेलं की आता सगळं ठीक होईल. माणसाला किती थोडं पुरतं.

मीठ आणायला ती आत गेली. परत आली आणि जन्मभराच्या सवयीने मूठ वर धरून बाबांच्या हातावर मीठ सोडलं. बाबांनी ओंजळ केली होती, पण बोटं एकमेकांना लागत नव्हती. मीठ फटींतून खाली गेलं, लुंगीवर सांडलं. मायने ते पाहिलं. मग तिने दुसरा हात पुढे केला आणि त्यांची ओंजळ खालून आपल्या तळहातात घेतली.

छोटा तुकडा करून, फुंकर घालून तिने त्यांच्या तोंडात दिला. बाबा चावू लागले. आम्ही दोघी त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. ते चावत राहिले. डोळे मिटून, मनापासून, कपाळाच्या शिरा ताणून चावत राहिले. एकदा गिळायला गेले, ठसका लागला. पुन्हा चावले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. शेवटी त्यांनी डोळे उघडले आणि मायकडे पाहिलं, आणि मायने काही न विचारता आपला तळहात त्यांच्या तोंडाखाली धरला. त्यांनी तो घास तिच्या हातावर काढून ठेवला.

"चांगलं झालं हाये," बाबा म्हणाले. "घशात जात नाही फक्त."

माय हातातल्या त्या घासाकडे बघत बसली. फेकून द्यायचं तिला सुचेना. मग म्हणाली, "मारुतीचं बी मोडलं, अन् यायच्या पोटात बी गेलं नाही."

मला तिच्याजवळ बसावंसं वाटलं, तिच्या खांद्यावर हात ठेवावासा वाटला. ते न करता मी तवा घासायला घेतला. तो फाटलेला अर्धा काप घासून पुसला तरी त्याचा डाग राहिलाच होता. माझ्या मनात दुसरं काही नव्हतं, फक्त एवढंच होतं की आता करायला काहीच उरलं नाही. कितीही चिडायचं ठरवलं तरी चिडायला कोणी उरलं नव्हतं.

त्यानंतर दोन आठवड्यांनी मी पुन्हा गेले. बाबा आता चमच्याने पाणी घेतात, कधी पेजेचं पाणी. हाक मारली की डोळे उघडतात. ओळखतात. आणखी काही सांगण्यासारखं नाही.

सकाळी उठून चुलीपाशी आले तर मायने चहा ठेवला होता. एक कप तिने माझ्यापुढे सरकवला. पातेल्यात अजून चहा होता. तो तिने दुसऱ्या कपात गाळला, कपातून बशीत ओतला, बशी दोन्ही हातांनी उचलली, फुंकर घातली आणि प्यायली.

मी बघतच राहिले. सापाच्या वेळी सोडलेला चहा. बाबांच्या जिवाला बांधलेला.

"काय पाहून राह्यली?" ती म्हणाली. "पी. थंडा होईन."

मी कप उचलला. आतल्या खोलीतून बाबांचा खोकला ऐकू आला. एरवी तो ऐकला की ती हातातलं टाकून धावायची. तिने बशीतला चहा संपवला, बशी धुतली, पालथी घातली आणि मग उठून आत गेली.